म्युझिक अ‍ॅपला दर महिन्याला पैसे भरतोय. वसूल होतात का? आणि होत नसतील तर काय केलं तर होतील?

अर्धा_कप_चहा
मंगळवार, रात्री १०:५०

परवा बँकेचा मेसेज आला, उद्या अमुक अ‍ॅपचं ऑटोपे कापलं जाणार. हा मेसेज दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला मी न वाचता बाजूला सारतो. परवा मात्र थांबलो, कारण त्याच संध्याकाळी जे झालं ते डोक्यातून जात नव्हतं.

झालं असं की आईला (वय ७४) गीतरामायण ऐकायचं होतं. घरात ब्लूटूथ स्पीकर आहे, अ‍ॅपचे पैसे भरलेत, म्हटलं ह्यात काय, लावून देतो. लावलं आणि आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर आई सोफ्यावर ताठ बसलेली, चेहरा असा की जणू मीच काहीतरी केलंय. "अरे अजून सीतेचं लग्न लागायचंय आणि भरत पादुका मागायला आला पण?" छप्पन गाणी आहेत, एकामागून एक सांगितलेली गोष्ट आहे, १९५५ सालच्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर लोकांनी वर्षभर आठवड्याला एक अशी ऐकली, आणि अ‍ॅपने त्याचे पत्ते पिसून ठेवले. बरं पिसले ते पिसले, मधे एक हळदीतलं डीजेचं गाणं घुसवलं, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून. आईला नाही आवडलं.

मग सगळे शफल-बिफल बंद करून अल्बममधून लावायला गेलो तर अल्बम चार तुकड्यांत, क्रम उलटासुलटा, काही गाण्यांची नावं नुसती 'भाग ३ ट्रॅक ०४'. गीतकाराच्या जागी एका ठिकाणी गायकाचंच नाव. शेवटी मी फोन हातात धरून एकेक गाणं लावत बसलो, वनवासाला जाईपर्यंत साडेदहा वाजले.

तर प्रश्न असा की ही अ‍ॅपं आपल्याला दहा कोटी गाणी आहेत म्हणून सांगतात, मला त्यातली फार तर तीनशे लागतात, पण ती तीनशे धड लागावीत. तुम्ही कोण कुठलं अ‍ॅप वापरता, पैसे भरता का, आणि काय मिळालं तर 'पैसे वसूल' म्हणाल?


जिलबी_मोजणारा
मंगळवार, रात्री ११:०२

आणखी एक जिलबी (म्हणजे बिनकामाचा धागा). शफलचं बटण हिरवं दिसत असेल तर ते दाबा म्हणजे पांढरं होतं. धागा संपला.


अर्धा_कप_चहा
मंगळवार, रात्री ११:०५

ते पांढरंच होतं हो. त्याच्या शेजारी एक चांदणीवालं निघालं, ते 'स्मार्ट' शफल. साधं शफल बंद केलं की स्मार्ट शहाणपण सुरू होतं.


७_४२_कसारा
मंगळवार, रात्री ११:३१

मी पैसे भरत नाही, आधीच सांगून टाकतो. ऑफिसला जायला दीड तास, यायला दीड, गाडीत एक हात वर कडीला आणि एक बॅगेवर, त्यामुळे गाणं मधेच थांबून साबणाची जाहिरात लागली तरी स्किप करायला हात मोकळा नसतो. तरी भरत नाही, का, तर मला गाणी लागतात महिन्यातले बारा-पंधरा दिवस. उरलेले दिवस एक तर वर्क फ्रॉम होम नाहीतर मित्र भेटतात डब्यात, मग गप्पा. मग तीस दिवसांचे का द्यायचे?

स्पॉटिफायने इथे ७ रुपये दिवसाचा आणि २५ रुपये आठवड्याचा प्लॅन काढला होता २०२० च्या शेवटी, ती मला आजवरची सगळ्यात आपली वाटलेली कल्पना. वाण्याकडून शाम्पूची पुडी घेतो तसं. गणपतीला गावाला जाताना आठवड्याचा मारायचा, कोकण रेल्वेत बोगद्यांनी रेंज जाते म्हणून डाउनलोड करून ठेवायचं, झालं. ऑटोपे नको, विसरून तीन-तीन महिने कापले जाणं नको. माझं मत विचाराल तर वापरलेल्या दिवसांचेच पैसे घ्या, महिन्यात पंधराच दिवस उघडलं तर पुढच्या बिलात वळते करा. मोबाईलवाल्यांनी डेटा रोलओव्हर केलाच की.


बिनतारी_काका
बुधवार, सकाळी ६:१०

तुम्ही सगळे झोपलेले असताना टंकतोय. मी एक पैसा भरत नाही आणि मला जाहिरातीही लागत नाहीत. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर नावाचं अ‍ॅप आहे, फुकट. त्यात 'रागम' म्हणून २४ तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आहे, २०१६ च्या जानेवारीत सुरू झाली. आणि निवेदक (अजून माणूसच आहे) आधी सांगतो की आता अमुक यांचं गायन, राग अमुक, तबल्यावर हे, पेटीवर ते. माझ्या नातवाच्या महागड्या अ‍ॅपला तबल्यावर कोण आहे हे विचारा.

हवं ते हवं तेव्हा लागत नाही हे मान्य. पण हवं ते काय आहे हे आम्हालाही रेडिओनेच शिकवलं.


नलू_एडिसन
बुधवार, सकाळी ७:४८

इथे न्यू जर्सीत रात्र आहे, धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे स्पॉटिफाय वर्षानुवर्षं महिन्याला ९.९९ डॉलर होतं, मग २०२३ च्या जुलैत १०.९९ आणि पुढच्या जुलैत ११.९९. त्यात म्हणे महिन्याला पंधरा तास ऑडिओबुक्स फुकट. मला नको होती! नको असतील तर दुसरा प्लॅन आहे पण तो शोधायला सेटिंगमध्ये पार तळघरापर्यंत उतरावं लागतं. आणि ह्या पुस्तकांच्या जोडीमुळे गाणी लिहिणाऱ्यांचा वाटा कमी झाला म्हणून इथे कोर्टकचेरीही झाली २०२४ मध्ये. म्हणजे मला नको असलेल्या गोष्टीमुळे मला आवडणाऱ्या माणसाचे पैसे कमी. कमाल आहे.

माझी खरी तक्रार फॅमिली प्लॅनची. सहा जण चालतात, पण सगळे एकाच पत्त्यावर राहायला हवेत. आमचं कुटुंब म्हणजे मी इथे, दादा बंगळुरात, आईबाबा मिरजेला. दिवाळीला सुद्धा एका पत्त्यावर नसतो. फॅमिली म्हणजे काय हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या मुलांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढत असावेत :) आईबाबांना इथून प्लॅन काढून देता यावा, तिथल्या किमतीत, एवढं जरी केलं तरी माझ्यासारख्या शंभर जणी उद्या भरतील.


कोयनाकाठ
बुधवार, सकाळी ९:१५

नलूताई, मिरजेचं नाव काढलंत, बरं वाटलं.

आमची स्टोरी ऐका. रिचार्जबरोबर फुकट मिळतंय म्हणून एक अ‍ॅप घेतलं, त्यात सहा वर्षं बसून प्लेलिस्टा बनवल्या. एक ट्रॅक्टरवर ऐकायची, एक गुऱ्हाळाची, एक वडलांसाठी नुसत्या भजनांची, त्यांच्या फोनवर पण तीच. एक दिवस अ‍ॅप बंद. वडील म्हणाले, माझा तुकाराम कुठं गेला रे? काय सांगू त्यांना, सर्व्हर बंद झाला म्हणून? कॅसेट असती तर गाठोड्यात तरी सापडली असती.

आणि हे एकदाच नाही झालं. मोजा तुम्हीच, धिंगाणा गेलं, फ्लिपकार्टचं फ्लाइट २०१३ ला गेलं, गूगल प्ले म्युझिक २०२० ला, रेसो २०२४ च्या जानेवारीत, विंक त्याच वर्षी. गाना आहे पण २०२२ पासून पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. माझं म्हणणं एकच, वर्षाचे पैसे घेताय ना, मग दुकान बंद करताना माझी यादी माझ्या हातात द्या. गाणं नका देऊ, नुसती नावं द्या कागदावर, मी शोधतो पुढं.


वायर_मोकळी
बुधवार, सकाळी १०:२०

@कोयनाकाठ, यादी हलवता येते, अ‍ॅप चालू असेपर्यंत. ट्यून माय म्युझिक, साउंडिझ असल्या साइट आहेत, एका अ‍ॅपची प्लेलिस्ट दुसऱ्यात नेतात, फुकटात थोडी मर्यादा आहे. पण मराठी गाण्यांत हमखास घोळ होतो, कारण तिथल्या आणि इथल्या नावाचं रोमन स्पेलिंग जुळत नाही, मग ते भलतंच काहीतरी जवळचं उचलतं. माझ्या एका अभंगाचं रिमिक्स झालं होतं पलीकडे जाऊन. तरी दर सहा महिन्यांनी यादी काढून ठेवा.

आता सगळ्यांना एक फुकट सल्ला, पैसे वाचवणारा. सध्या सगळीकडे लॉसलेस (म्हणजे दाबताना आवाजातलं काहीही न गमावलेलं गाणं) लॉसलेस चाललंय. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये जास्तीचे पैसे न घेता दिलं, स्पॉटिफायने घोषणा २०२१ लाच केली आणि दिलं २०२५ च्या सप्टेंबरात. चांगली गोष्ट आहे, पण तुमच्या कानात साधे ब्लूटूथ बड असतील तर ते लॉसलेस कानापर्यंत पोचतच नाही, वाटेत ब्लूटूथ त्याला पुन्हा दाबून पाठवतं. ३२० केबीपीएसला तासाला दीडशे एमबीच्या आत डेटा जातो, सीडी क्वालिटीला त्याच्या तिप्पट धरा. म्हणजे डेटा तिप्पट आणि कानाला फरक शून्य. त्यासाठी वरचा प्लॅन घेऊ नका. वायरचे हेडफोन आणि एक बरा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी) असेल तर जरूर घ्या. आणि १९३० सालच्या तबकडीला लॉसलेस ऐकून जास्तीची खरखरच ऐकू येणार आहे.


जिलबी_मोजणारा
बुधवार, सकाळी १०:२४

दीडशे रुपयांत आता दोन माणसांची मिसळ होत नाही आणि तुम्हाला दहा कोटी गाणी महाग पडतात. चालू द्या.


फोंडेकार
बुधवार, दुपारी १:४०

जेवण झालं, आता लिहितो.

गायिका केसरबाई केरकर आमच्या केरीच्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीतून अंतराळात गेली, बाईही त्याच सालच्या सप्टेंबरात गेल्या. ती भैरवी आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली. आणि माझ्या फोनवर? तीन केसरबाई आहेत. एकीचं आडनाव एका स्पेलिंगने, दुसरीचं दुसऱ्या, आणि तिसरीच्या खात्यात एक हिंदी सिनेमाचं गाणं जमा आहे. फोटो तर भलत्याच बाईंचा. परग्रहावर कोणी असेल तर त्याला सापडतील, फोंड्यात सापडत नाहीत.

हे का होतं त्याचं एक कारण सांगतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं. १९६४ पर्यंतचं सगळं आता मोकळं झालं. गीत आणि चालीचा हक्क वेगळा, तो माणूस गेल्यावर ६० वर्षं, पण नाट्यसंगीतात नाटककार देवल गेले १९१६ ला, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ ला, नाटककार खाडिलकर १९४८ ला, म्हणजे जुनी पदं सगळ्या बाजूंनी मोकळी. मोकळी झाली ते उत्तमच, पण त्यामुळे कोणीही उठतो, जुनी तबकडी कुठून तरी उतरवतो, वर आपलं कंपनीचं नाव घालून चढवतो, एकाच पदाच्या दहा कॉपी, त्यातल्या तीन भलत्या स्पीडला. बालगंधर्व काळी पाचला (म्हणजे भलत्याच चढ्या पट्टीत) ऐकू येतात कधी कधी, ते ह्यामुळे.

आता बघा, पाश्चात्त्य क्लासिकलसाठी अ‍ॅपलने वेगळं अ‍ॅप काढलं २०२३ ला. प्राइमफोनिक नावाची एक सेवा होती ती विकत घेऊन त्यावर बांधलं. तिथे रचना कोणाची, वाजवली कोणी, कंडक्टर कोण, सगळ्याने शोधता येतं. सबस्क्रायबरला त्याचे वेगळे पैसे नाहीत. मग आमच्या यमनने काय घोडं मारलं? मला राग घालून शोधता आलं पाहिजे, ताल, बंदिश, साथीला कोण, मैफल कुठली. एका पदाखाली ते पद कोणी कोणी गायलंय ते एकत्र दिसलं पाहिजे, दीनानाथ, वसंतराव, अभिषेकीबुवा, एकापाठोपाठ एक ऐकायचं. ह्याला मी दुप्पट पैसे देईन. 'आठवणीतली गाणी' साइट बघा, प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर, नाटक असेल तर नाटक, राग. आवडीपोटी केलेलं काम आहे ते. दहा कोटी गाणीवाल्यांना जमत नाही?


अर्धा_कप_चहा
बुधवार, दुपारी २:०५

फोंडेकार, दंडवत. काळी पाचला तर हसून चहा सांडला (अर्धाच होता).


पेटीवाला
बुधवार, रात्री ११:१२

वाचतोय दिवसभर, आता वेळ मिळाला. मी पेटी वाजवतो साथीला. आमच्या गुरुजींच्या दोन मैफली मी एका डिस्ट्रिब्युटरमार्फत सगळ्या अ‍ॅपवर चढवल्यात, त्यामुळे दुकानाच्या मागच्या दाराने काय दिसतं ते सांगतो.

समजा प्लॅन ११८ रुपयांचा (हिशेबाला सोपा म्हणून घेतला आकडा). १८ जीएसटी गेले. उरले १००. स्पॉटिफाय जाहीरपणे म्हणतं की साधारण दोन तृतीयांश हक्कदारांना जातात, म्हणजे ६६ धरा. आता तुम्हाला वाटत असेल हे ६६ तुम्ही ऐकलेल्या गायकांत वाटले जातात. नाही. सगळ्यांचे ६६-६६ एका मोठ्या पातेल्यात पडतात आणि महिन्यात एकूण जितकी गाणी वाजली त्यात ज्याचा जितका टक्का तेवढी त्याची वाटी. म्हणजे तुम्ही महिनाभर नुसते कुमार गंधर्व ऐकलेत तरी तुमच्या ६६ मधला मोठा हिस्सा जिममध्ये सकाळी सहा ते रात्री दहा जे वाजत असतं त्याला जातो. तुम्ही पैसे भरून मला ऐकता, आणि मला मिळतात ते जिमवाल्याचे उरलेले.

दुसरं. गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजतात. ३१ व्या सेकंदाला कंटाळून बंद केलंत तरी एक. गुरुजींचा ५२ मिनिटांचा मारवा राग डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलात तरी एकच. तेवढ्या वेळात अडीच मिनिटांची वीस गाणी वाजतात. म्हणजे आम्ही वीसपट कमी. मला एका तरुण मित्राने सल्ला दिला, ख्यालाचे तुकडे कर, आलाप एक, बोलआलाप दोन, ताना तीन. केलेही असते, पण गुरुजी हयात आहेत, त्यांना काय तोंड दाखवू.

तिसरं म्हणजे २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे, आधीच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नसतील तर त्या ट्रॅकच्या रेकॉर्डिंगला काही नाही. खोटी गाणी, पावसाचे आवाज वगैरे रोखायला म्हणून आणला, तो हेतू पटतो. पण मारव्याला वर्षाला हजार कुठून आणायचे? माझा सगळीकडून मिळून गेल्या वर्षीचा हिशेब सांगतो, डिस्ट्रिब्युटरची वार्षिक फी भरली त्याच्या निम्मेही परत आले नाहीत.

उपाय नाहीत असं नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये छोट्या कलाकारांसाठी सुरू केलं, ज्याचे पैसे त्याने जे ऐकलं त्यालाच. डीझरने २०२३ मध्ये ठराविक श्रोते असलेल्या खऱ्या कलाकारांना दुप्पट वजन द्यायला सुरुवात केली. इडाजिओ नावाची क्लासिकलची सेवा सेकंदांवर पैसे वाटते, फोंडेकारांनी सांगितलेली प्राइमफोनिक पण तेच करायची. फ्रान्समधल्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२१ ला अभ्यास करून बघितलं, ज्याचे त्याला केलं तर क्लासिकलचा वाटा वाढतो, रॅपवाल्यांचा घटतो. छोट्या कलाकारांच्या हातात पडणारी रक्कम फार नाही वाढत, हेही त्याच अभ्यासात आहे, ते लपवत नाही.


७_४२_कसारा
बुधवार, रात्री ११:३०

पेटीवाले, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण धागा श्रोत्याच्या वसुलीचा आहे ना? तुम्हाला जास्त मिळाले तर मला काय मिळालं? माझं गाणं तर तेच वाजणार.


पेटीवाला
गुरुवार, रात्री १२:०४

चांगला प्रश्न विचारलात, रागावलो नाही.

गुरुजींच्या आतल्या खोलीत एक गोदरेजचं कपाट आहे. वरच्या दोन कप्प्यांत धोतरं, खालच्या दोनमध्ये कॅसेट आणि स्पूल, एकशे चाळीसच्या आसपास. १९७४ पासूनच्या मैफली, गणेशोत्सव, देवळातले कार्यक्रम, दोन तर अशा मोठ्या गवयांच्या की जे नंतर वर्षभरात गेले. प्रत्येकीवर गुरुजींच्या अक्षरात तारीख आणि राग. गेल्या पावसाळ्यात उघडलं तर एका कोपऱ्यात बुरशी. एक स्पूल उतरवून साफ करायला माझा अख्खा रविवार जातो, मशीन भाड्याने आणावं लागतं ते वेगळं, आणि चढवल्यावर काय मिळतं ते वर लिहिलंय. मग कोण करणार? अशी कपाटं पुण्यात, मिरजेला, धारवाडला, गोव्यात किती घरांत असतील.

तुम्हाला अ‍ॅपवर तीच ती पन्नास गाणी वारंवार का दिसतात, त्याचं एक कारण ह्या कपाटात आहे. ख्याल ऐकणाऱ्याचे पैसे ख्यालाला गेले, मिनिटांवर गेले, तर कोणीतरी कपाट उघडेल. ते तुम्हाला मिळालं.


७_४२_कसारा
गुरुवार, रात्री १२:११

हं. आता पटलं. ह्यासाठी मी महिन्याचा भरेन, पंधरा दिवसांचा हट्ट सोडला.


धैवत
गुरुवार, सकाळी ८:३०

गंमत बघा, ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून मोठमोठ्या गवयांनी राग तीन मिनिटांत बसवला. नाइलाज होता. मग एलपी आली, वीस-बावीस मिनिटं मिळाली, मग कॅसेट, मग सीडीत तासभराहून जास्त, अख्खी मैफल. आता तर लांबीला मर्यादाच नाही, दोन तासांचा राग ठेवा, आणि नेमकं आत्ता मोजायची पद्धत अशी केली की पुन्हा तीन मिनिटांत बसवा. यंत्र पुढे गेलं आणि हिशेब फिरून तबकडीवर आला.

अवांतर: मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. तिथे पूर्वी ऐकायला छोट्या खोल्या असायच्या, विकत घ्यायच्या आधी ऐकून बघायचं. काउंटरवरचा माणूस विचारायचा, "हे घेताय? मग ह्यांचा जौनपुरी ऐकलात का?" आणि त्याचं कधी चुकायचं नाही. 'तुम्हाला हेही आवडेल' ही त्याची नक्कल आहे, आणि नकलेने धागाकर्त्याच्या आईला हळदीचं गाणं लावलं.


नलू_एडिसन
गुरुवार, सकाळी ८:५५

पेटीवाले, तुमच्या गुरुजींच्या मैफली बँडकॅम्पवर आहेत का? तिथे डिजिटल विक्रीतले ते साधारण १५ टक्के घेतात, पेमेंटचा खर्च जाऊन बाकी कलाकाराला. मी अल्बमला दहा डॉलर द्यायला तयार आहे, आमच्या इथल्या मंडळात निदान वीस जण तरी तयार होतील. अ‍ॅपच्या हिशेबाने दहा डॉलर मिळायला तुम्हाला तो मारवा किती वेळा वाजवावा लागेल हे मला मोजायचं पण नाहीये.


पेटीवाला
गुरुवार, सकाळी ९:४०

नाहीये. रविवारी टाकतो. व्यनि (खासगी निरोप) केलाय.


जिलबी_मोजणारा
गुरुवार, सकाळी १०:०२

लिंक इथेच टाका की, व्यनि कशाला. मलाही हवाय मारवा. (जिलबी मागे घेतो.)


वायर_मोकळी
गुरुवार, सकाळी १०:३०

@अर्धा_कप_चहा, मूळ प्रश्न राहिला, आईचं गीतरामायण. तुमच्याकडे जुनी कॅसेट किंवा सीडी आहे का घरात? असेल तर असं करा. कॅसेट डेकच्या हेडफोन जॅकमधून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, रेकॉर्ड करा, तुकडे करून नावं द्या मराठीत, क्रमांक घाला. यूट्यूब म्युझिकमध्ये आपल्या स्वतःच्या फाइली चढवता येतात, एक लाखापर्यंत, त्या फक्त तुम्हालाच दिसतात. त्यांची प्लेलिस्ट क्रमाने करून आईच्या स्पीकरला लावा. ऑडॅसिटीत 'नॉइज रिडक्शन' आहे पण फार ओढू नका, नाहीतर गायक हंड्यात तोंड घालून गातोय असं वाटतं.


कोयनाकाठ
गुरुवार, सकाळी ११:०८

असं असतंय होय! वडलांच्या भजनाच्या कॅसेटा माळ्यावर आहेत, ३५ रुपयाला एक घेतलेली, किंमत अजून छापलेली आहे. डेक मात्र गावात कुणाकडं राहिला नाही. बघतो, कराडात एक रेडिओवाला आहे म्हातारा.


अर्धा_कप_चहा
रविवार, संध्याकाळी ७:२०

अपडेट देतो.

माळ्यावरचा डेक काढला. बेल्ट सैल झाला होता, बाबांनी (ते असते तर) लगेच बदलला असता, मला यूट्यूब बघून दोन तास लागले. गीतरामायणाच्या कॅसेट सापडल्या, दहातल्या सात. पण त्यांच्या खाली एक बिननावाची कॅसेट होती, वर नुसतं '८९, वाडा'. म्हटलं आधी हीच लावू.

सुरुवातीला बराच वेळ नुसती खरखर, मग कोणीतरी तबल्याला हातोडी मारतंय, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी, मग एक माणूस अगदी माइकजवळ म्हणतो, "झालं का रे चालू? लाल दिवा लागलाय का बघ." बाबांचा आवाज. आमच्या वाड्यातला गणपती, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम. गाणाऱ्या बाई कोण ते मला ओळखता येत नव्हतं. आई आतून पोळपाट सोडून आली, हात पिठाचे, दारातच उभी राहिली आणि म्हणाली ह्या आपल्या शेजारच्या वाड्यातल्या, रेडिओवर बी ग्रेडच्या कलाकार होत्या, पुढे गाणं सोडलं. राग भूप असावा. ३८ मिनिटं गायल्यात, मधे बाजू उलटायला थांबावं लागलंय तिथे अर्धी तान गेली.

चढवताना अ‍ॅपने विचारलं, कलाकाराचं नाव काय. आईला विचारून लिहिलं. तबल्यावर कोण होतं ते मात्र आईला आठवेना, ती आता मावशीला फोन करतेय.

@पेटीवाला, 'बाजू ब' वर गाण्याच्या मधेच आवाज हळू हळू वर चढत जातो, पट्टीच बदलते, हा डेकचा दोष की कॅसेटचा?


पेटीवाला
रविवार, संध्याकाळी ७:३४

मूळ रेकॉर्डिंग करताना सेल उतरत गेले असणार, टेप हळू फिरली, म्हणून आता चढा ऐकू येतो. दोष नाही डेकचा. फाइल पाठवा, तानपुऱ्याच्या सा वरून पट्टी लावून देतो. पैसे नकोत, भूप ऐकायला मिळाला की झालं.


फोंडेकार
रविवार, संध्याकाळी ७:५०

मलाही पाठवा. आणि तबलजीचं नाव कळलं की इथे लिहा.